हॉटेलातली जुन्या काळची कॉमेडी: आधी साल, मग सेट

‘पन्नाशीचं दशक’ असं मोघम चालत नाही. एक साल पक्कं करा. मी कलादिग्दर्शन करते आणि दिग्दर्शकाकडे माझा पहिला हट्ट हाच असतो. गिरगावातल्या लॉजची गोष्ट असेल तर मी १९५७ घेईन. त्या वर्षी १ एप्रिलला नये पैसे आले, पण आणेही चालूच राहिले. रुपयाचे आणे सोळा आणि नये पैसे शंभर, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. तो वरचा पाव कोणी सोडायचा? गल्ल्यावरचा मॅनेजर आणि गिऱ्हाईक यांची जुंपलीच म्हणून समजा. शिवाय तेव्हा मुंबईत दारूबंदी होती, त्यामुळे एखाद्या पाहुण्याची ट्रंक जड असली की संशय आलाच. ट्रामही होत्या. ट्राम दाखवणं परवडणार नाही, पण खिडकीबाहेर तिची घंटा ऐकवता येते.

आता फ्रेम. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) हा सिनेमा बारकाईने बघा. त्यातला १९३०च्या दशकाचा भाग १.३७ : १ (रुंदी : उंची) या जवळजवळ चौरस फ्रेममध्ये आहे. गिरगावातल्या अरुंद जिन्यांना आणि उंच छतांना हीच फ्रेम शोभते. कॅमेरा भिंतीला काटकोनात लावा. मधोमध काउंटर, मागे किल्ल्यांचा फळा, दोन्ही बाजूंना सारखे खिळे. सगळं इतकं शिस्तीत हवं, की एका पोऱ्याचं अर्धं पाऊल चुकलं तरी हशा पिकला पाहिजे. त्या सिनेमासाठी आधी ॲनिमॅटिक, म्हणजे रेखाचित्रं आवाजासह ओळीने जोडलेला कच्चा व्हिडिओ, बनवली होती आणि पात्रांचे आवाज दिग्दर्शकाने स्वतःच काढले होते. तुम्हीही मोबाइलवर तसं करा. टायमिंग तिथेच कळतं, सेटवर शोधत बसायला वेळ नसतो.

माझा जीव अडकतो तो प्रॉपर्टीत, म्हणजे सेटवरच्या वस्तूंत. जुनं दाखवायच्या नादात लोक चहाच्या पाण्यात कागद बुडवून सगळं पिवळं करतात. मला ते मुळीच पटत नाही. १९५७ सालचं रजिस्टर १९५७ साली नवंच होतं! पांढऱ्या, रेघांच्या कागदावर फाउंटन पेनने लिहा. नावं वेगवेगळ्या माणसांकडून लिहून घ्या, कारण प्रत्येक पाहुण्याचं अक्षर वेगळं असतं. झीज फक्त हात लागतो तिथे हवी: पानाच्या खालच्या कोपऱ्यावर, काउंटरच्या कडेवर, कठड्याच्या वळणावर. बाकी टेलिफोन, पितळी घंटा, ट्रंका चोरबाजारात मटन स्ट्रीटला मिळतात. भाड्याने देतात का ते आधी विचारा.

रंग तीनच ठेवा. भिंतीला खाली ऑइलपेंटचा गडद पट्टा, वर फिका डिस्टेंपर, आणि तिसरा रंग फक्त गणवेशाला. पोऱ्या गर्दीतही चटकन दिसला पाहिजे.

बाहेरून इमारत दाखवायला एसी आणि वायरी नसलेलं घर शोधत मुंबईभर फिरू नका. बुडापेस्टवाल्यांनीही हॉटेलचं बाह्यरूप छोट्या प्रतिकृतीतच उभारलं होतं आणि आतली लॉबी जर्मनीतल्या ग्योर्लिट्झ गावच्या एका रिकाम्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये. सनबोर्डचं (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचं) दर्शनी मॉडेल करा, खिडक्यांना ट्रेसिंग पेपर लावा, मागून पिवळा दिवा सोडा आणि समोरून सपाट शूट करा.

शूटिंगचा क्रम लावताना बिलाचं भांडण पहिल्या दिवशी सकाळी घ्या. त्यात नाणी, रजिस्टर, घंटा, किल्ल्या सगळंच लागतं. काही कमी असेल तर तेव्हाच कळेल आणि माणूस पाठवून मागवता येईल.