घाटासाठी चाकं कशी निवडावीत: हलकी की एरो?

घाट चढायचा तर चाकं हलकीच हवीत, असं बहुतेक सायकलस्वार धरून चालतात. ते अर्धंच बरोबर आहे. वजनाचा भार चढाच्या टक्केवारीनुसार वाढतो. हवा कापायला लागणारी ताकद मात्र वेग दुप्पट झाला की आठपट होते. ती ताकद वाचवायला एरो चाकं असतात: त्यांची रिम टायरपासून आऱ्यांकडे जास्त खोल असते. त्यामुळे कोणती चाकं चांगली, हे तुमचा वेग आणि तुमचा घाट मिळून ठरवतात. खालचा हिशोब आधी कागदावर करा आणि मगच दुकानात जा.

१. आधी घाट मोजा

नेहमीचा एक घाट घ्या. त्याची लांबी, एकूण चढ आणि तुमचा सरासरी वेग लिहून काढा. टक्केवारी काढणं सोपं आहे: चढलेले मीटर भागिले अंतराचे मीटर, गुणिले शंभर.

दोन ओळखीची उदाहरणं घेऊ. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटर आणि ६०० मीटरच्या आसपास चढतो, म्हणजे सरासरी साडेसहा-सात टक्के. काही वळणांवर चढ दोन आकडी होतो. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट लांब आहे, पण सौम्य. त्याचा चढ सरासरी पाच टक्क्यांच्या घरात जातो. दोन्हीकडे चढलेली उंची जवळपास सारखी, तरी चाकांचं उत्तर वेगळं येतं.

२. चाकांचं खरं वजन करा

कंपनीने दिलेल्या वजनात सहसा रिम टेप, व्हॉल्व्ह आणि स्क्यूअर (चाक फ्रेमला आवळणारा दांडा) धरलेले नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी भर पडते. घरच्या डिजिटल काट्यावर दोन्ही चाकं टायर, कॅसेट (मागची दातेरी चक्रं), ब्रेकची डिस्क काढून ठेवा.

अंदाजासाठी जोडीची वजनं अशी: सायकलसोबत येणारी साधी अ‍ॅल्युमिनियमची चाकं १८५० ते २००० ग्रॅम, चांगली अ‍ॅल्युमिनियमची १५०० ते १६००, कार्बनची ३०-३५ मिमी खोलीची १२५० ते १४००, आणि ४५-५० मिमीची १४०० ते १५५०. म्हणजे उथळ आणि खोल कार्बनमध्ये फरक साधारण दीडशे ग्रॅमचा. चारशे-पाचशे ग्रॅमचा फरक पडतो तो साध्या चाकांवरून चांगल्या चाकांवर जाताना. या दोन प्रश्नांची गल्लत करू नका.

३. बरोबरीचा वेग काढा

उथळ चाकाच्या तुलनेत ५० मिमीचं चाक ताशी ४५ किमीला साधारण ८ वॅट वाचवतं असं धरू. मग एक सोपं सूत्र हाती येतं:

वजनातला फरक (ग्रॅम) × चढाची टक्केवारी × ०.३, आणि या गुणाकाराचं वर्गमूळ. येणारं उत्तर म्हणजे बरोबरीचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये.

चढावरचा तुमचा वेग याहून कमी असेल तर हलकं चाक जिंकतं. जास्त असेल तर खोल चाक.

दीडशे ग्रॅमच्या फरकावर पसरणीसाठी १५० × ५ × ०.३ = २२५, वर्गमूळ १५. सिंहगडासाठी साधारण १७. आता स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो आणि ताकद २२० वॅट धरा. हा स्वार सिंहगड ताशी १३ किमीने चढेल आणि पसरणी १६ च्या थोडं वर. म्हणजे तोच माणूस सिंहगडावर हलक्या चाकाने किंचित पुढे राहील, पसरणीत खोल चाकाने.

चारशे ग्रॅमचा फरक घातला तर पसरणीतही बरोबरीचा वेग २४-२५ वर जातो. तिथे हौशी स्वाराने हलकंच चाक घ्यावं.

व्यावसायिक स्वार डोंगरातही ४५-५० मिमीची चाकं वापरताना दिसतात, त्याचंही कारण यात आहे. ते चढावर सहज ताशी २० च्या वर असतात. शिवाय आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, त्यामुळे चाक आणखी हलकं करून त्यांना फारसं काही मिळत नाही. त्यांची निवड जशीच्या तशी उचलू नका.

४. फरक सेकंदांत पाहा

वरच्याच स्वाराला सिंहगड चढायला सुमारे ४१ मिनिटं लागतात. दीडशे ग्रॅम कमी केले की ४ सेकंद वाचतात, आणि उथळ रिममुळे हवेत त्यातले २ परत जातात. चारशे ग्रॅम कमी केले तर निव्वळ ९ सेकंद. उलट सपाटीवर ताशी ३० ने तासभर चालवलंत तर खोल चाकं २०-२५ सेकंद देतात. म्हणून घरापासून पायथ्यापर्यंत आणि परतीचा रस्ताही हिशोबात धरा. पुणे शहरातून गडाच्या पायथ्यापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर होतातच.

आता हे आकडे शेजारी ठेवा: जास्तीची एक लिटरची भरलेली बाटली २५-३० सेकंद खाते. जाड, कडक टायर काढून चांगले मऊ रबराचे टायर घातले तर अर्धा मिनिट वाचतो. आमचं स्पष्ट मत असं की टायर बदलल्याशिवाय चाकांवर पैसे घालूच नयेत. त्यानंतर ट्यूब. साधी ब्यूटिल रबराची ट्यूब शंभर ग्रॅमच्या आसपास, टीपीयू या प्लास्टिकची ३०-४० ग्रॅम. दोन चाकांत सव्वाशे ग्रॅम कमी होतात, आणि तेही चाकांच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात. रिम ब्रेक (रिमलाच घासून थांबवणारा) असेल तर ती ट्यूब रिम ब्रेकला चालते का, हे पाकिटावर वाचून घ्या. तापल्यावर काही टीपीयू ट्यूब मऊ पडतात.

५. ‘फिरतं वजन दुप्पट’ हे कितपत खरं

वेग वाढवताना रिमच्या कडेचं वजन जवळपास दुप्पट जाणवतं, हे खरं. पण एकसारख्या वेगाने चढताना चाकातला ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. प्रत्येक पेडलला वेग किंचित वाढतो-कमी होतो, तेव्हा चाकात गेलेली ऊर्जा पुढच्या क्षणी परतही मिळते. उभं राहून झटका मारताना हलकं चाक चपळ वाटतं. तो आनंद खरा आहे, घड्याळात मात्र तो फारसा उमटत नाही.

६. उताराचा विचार चढाइतकाच करा

८० किलोचं वजन ६०० मीटर खाली येतं तेव्हा सुमारे ४७० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. जोरात उतरलात तर त्यातला मोठा भाग हवेत जातो. गर्दी, एसटी आणि खडी सांभाळत ब्रेक दाबून सावकाश उतरलात तर बहुतेक सगळा ब्रेकमध्ये.

डिस्क ब्रेकला रिमची काळजी नाही. रिम ब्रेक आणि कार्बन रिम असतील तर मात्र धोका आहे. कार्बन उष्णता लवकर सोडत नाही, रिममधला रेझिन (कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) मऊ पडतो, टायरच्या दाबाने कडा बाहेर झुकते. ब्रेक दाबताना धडधड जाणवू लागली, जळका वास आला किंवा कडेवर बोट फिरवताना फुगवटा लागला तर ते चाक तिथेच बाद समजा. पॅड कार्बनसाठीचेच हवेत, आणि अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेले पॅड कार्बनवर लावू नका. त्यात रुतलेले धातूचे कण रिम ओरबाडतात. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, थंड होऊ द्या.

पावसाळ्यात ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो. रिम ब्रेकवाल्यांनी घाटासाठी चांगली अ‍ॅल्युमिनियमची चाकं घ्यावीत, असा आमचा सल्ला आहे.

७. आडवा वारा आणि स्वाराचं वजन

पसरणीत धोम धरणाच्या पाण्याकडे उघड्या वळणांवर वारा एकदम बाजूने येतो. खोल रिम तो पकडते आणि हँडल ओढलं जातं, उतारावर जास्तच. मुख्य त्रास पुढच्या चाकाचा. तुमचं वजन ६० किलोच्या आत असेल तर पुढे ३५-४० मिमी, मागे ५० अशी जोडी ठेवा.

८५-९० किलोच्या वर असाल तर हिशोब आऱ्यांचा. वीस आऱ्यांचं अतिहलकं मागचं चाक जोर लावताना वाकतं, रिम ब्रेक पॅडला घासते, आरे सैल होतात. पुढे २४ आणि मागे २८ आरे घ्या, शंभर ग्रॅम वाढले तरी चालतील. शिवाय चाकावर स्वाराच्या वजनाची मर्यादा असते, ती तपासा.

८. बसतात का ते पाहा

अ‍ॅक्सल (साधा क्विक रिलीज की १२ मिमी थ्रू), डिस्क बसवायची पद्धत (सेंटर लॉक की सहा स्क्रूची) आणि फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग) तुमच्या कॅसेटचा, या तिन्ही गोष्टी दुकानदाराला लिहून द्या.

टायर घालून प्रत्यक्ष रुंदी व्हर्नियरने मोजा. खोल रिमचा फायदा हवा असेल तर रिमची बाहेरची रुंदी टायरच्या १०५ टक्के असावी. टायर २८ मिमी भरला तर रिम साडेएकोणतीस. टायर रिमपेक्षा फुगलेला असेल तर एरोसाठी मोजलेले पैसे बरेचसे वाया.

हुकलेस रिम (टायर अडकवायला कडेला हुक नसलेली) असेल तर हवा ५ बारच्या, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर कधीही भरू नका, आणि कंपनीच्या यादीतलाच टायर घाला. पंपावरचा काटा चुकत असेल तर वेगळा गेज वापरा. इथे टायर सुटला तर थेट उतारावर सुटतो.

९. घेण्याआधी पडताळून पाहा

मित्राची चाकं मागून आणता आली तर एकाच सकाळी, तेच टायर आणि तीच हवा ठेवून घाटाचा दोन-तीन किलोमीटरचा एकच तुकडा चार वेळा चढा: जुनी, नवी, नवी, जुनी. या क्रमामुळे थकवा दोन्हींवर सारखा वाटला जातो. पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) लावून प्रत्येक वेळी सरासरी वॅट सारखे ठेवा. पॉवर मीटर नसेल तर वेळेवरून निष्कर्ष काढू नका, कारण पायातला एक टक्क्याचा फरकही चाकांच्या फरकापेक्षा मोठा असतो. त्याऐवजी दोनच गोष्टी नोंदवा: उतारावर हात किती आवळले गेले आणि उभं राहून चढताना ब्रेक घासला का.