विक्स बंडलमध्ये प्रीरिक्विझिट (आधी लागणारं सॉफ्टवेअर) परत परत इन्स्टॉल होतंय किंवा निघतच नाहीये? आधी लॉग उघडा

मशीनवर डॉट नेट ४.८ (ॲप चालायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आधीपासून आहे आणि तरी तुमचा बर्न बंडल (विक्स या इन्स्टॉलर बनवायच्या टूलने तयार केलेली, अनेक पॅकेजेस एकत्र टाकणारी सेटअप फाइल) ते परत टाकायला बसतो, अशा वेळी बरेच जण थेट कोडला हात घालतात, प्लीज नका करू. टेम्प फोल्डरमध्ये बंडलच्या नावाची लॉग फाइल पडलेली असते, तिच्यात "डिटेक्टेड पॅकेज" वाली ओळ शोधा. ॲबसेंट लिहिलंय? मग डिटेक्ट कंडिशन, म्हणजे पॅकेज आधीपासून आहे का हे ओळखायची अट, चुकलीय. प्रेझेंट असूनही गडबड असेल तर खालची "प्लॅन्ड पॅकेज" ओळ वाचा, बंडलने काय करायचं ठरवलं ते तिथे दिसतं.

कंडिशनमध्ये सगळ्यात जास्त फसवते ती डॉट नेटची रिलीज नावाची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) व्हॅल्यू, कारण ४.८ साठी कुठे ५२८०४० असते, कुठे ५२८०४९, विंडोज ११ वर ५२८४४९, आणि लोक "बरोबर ५२८०४०" अशी कंडिशन लिहून मोकळे होतात. "५२८०४० किंवा त्याहून मोठी" असंच लिहा.

दुसरी गोष्ट, विक्स ३ मध्ये बंडल स्वतः ३२ बिट असतो, त्यामुळे रजिस्ट्री सर्चला विन६४ येस दिलं नाही तर तो वाऊ६४३२नोडमध्येच (रजिस्ट्रीतला ३२ बिट प्रोग्रामांचा वेगळा भाग) शोधत बसतो आणि ६४ बिटची की समोर असून त्याला दिसत नाही.

व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम (त्यात लिहिलेले प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइल्स) १६३८ एरर देत असेल तर घाबरू नका, नवीन व्हर्जन आधीच आहे एवढाच अर्थ, एक्झिट कोडमध्ये (इन्स्टॉलर संपताना देतो तो आकडा) १६३८ ला सक्सेस धरा.

आता काढण्याचं, आणि इथे खरंच जपून. एकदा एका क्लायंटकडे आमचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, बंडलने जाताना रनटाइमही काढून नेलं आणि त्याच मशीनवरच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची बिलं निघायची थांबली, ऐन दुपारी दुकानात गर्दी असताना. तेव्हापासून डॉट नेट, रनटाइम असलं सगळ्यांचं सामायिक काही असेल तर मी परमनंट येस (म्हणजे बंडल काढला तरी ते पॅकेज राहील) दिल्याशिवाय बिल्ड पुढे पाठवत नाही. जे फक्त तुमचंच आहे ते काढायचं असेल तर एक्झी पॅकेजला अनइन्स्टॉल कमांड दिलीय ना बघा, आणि एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरचं पॅकेज) असून निघत नसेल तर लॉगमध्ये "फाउंड डिपेंडंट्स" (त्यावर अजून कोण अवलंबून आहे ते) शोधा, बहुतेक तुमच्याच जुन्या बंडलची नोंद तिथे अडकलेली सापडेल, आधी तो जुना बंडल काढा.