एकत्र उपासनेची आखणी: कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल एका छताखाली

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. तो १९०८ साली सुरू झाला. या आठवड्यात गावातल्या सगळ्या मंडळ्या एक संध्याकाळ एकत्र येणार असतील, तर तयारीला किमान सहा आठवडे लागतात. डिसेंबरात नाताळच्या गडबडीत कोणालाच वेळ नसतो, म्हणून पहिली बैठक नोव्हेंबरअखेर उरकून घ्या. प्रत्येक पंथाचे दोघे बोलवा, एक धर्मगुरू किंवा पाळक आणि एक सभासद. ब्रदरन मंडळीत अभिषिक्त पाळक नसतात, तिथे मंडळीच्या वडीलधाऱ्यांना (एल्डर) बोलवा.

पहिल्याच बैठकीत ठरवा की या उपासनेत कम्युनियन (प्रभुभोजन) नाही. इतर पंथांच्या पाळकांसोबत मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करायला कॅथलिक धर्मगुरूंना १९८३च्या धर्मसंहितेची (कलम ९०८) मनाई आहे आणि एरवी इतर पंथीयांना ते कम्युनियन देऊ शकत नाहीत. मेथडिस्टांकडे बहुधा वाइनऐवजी द्राक्षरस असतो. ब्रदरन मंडळींची भाकर मोडण्याची सभा दर रविवारी त्यांच्यातच होते. साल्वेशन आर्मीत तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत. ‘बघू पुढे’ म्हणून हा विषय लांबवला की ऐन शेवटच्या आठवड्यात कोणीतरी दुखावून बाहेर पडतं. प्रभुभोजनाचं मेज वेगळं असण्याचं दुःख खरं आहे. ते मिटल्याचा देखावा करण्यापेक्षा मध्यस्थीच्या (इतरांसाठी विनंत्या करण्याच्या) प्रार्थनेत ते मोकळेपणाने देवापुढे मांडावं.

वेळ रविवारी संध्याकाळी पाचची ठेवा. सकाळी ठेवली तर कॅथलिकांची मिस्सा चुकते, आणि एकत्र प्रार्थनेने रविवारच्या मिस्सेचं कर्तव्य पूर्ण होत नाही. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट सहभागी असतील तर त्यांचा शब्बाथ (विश्रामाचा दिवस) शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत असतो. त्या वेळात ध्वनिक्षेपक लावणं, खुर्च्या मांडणं ही कामं त्यांच्याकडे देऊ नका.

जागेचा प्रश्न जास्त नाजूक. योहान ४ मध्ये शोमरोनी स्त्री येशूला हेच विचारते: या डोंगरावर की यरुशलेमात? येशूने ‘आत्म्याने व खरेपणाने’ असं उत्तर दिलं, पण त्याचा अर्थ प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने लावला. कॅथलिकांसाठी वेदी अभिषिक्त असते आणि तांबडा दिवा जळतो तिथल्या पेटीत पवित्र भाकर ठेवलेली असते, म्हणून तिच्यापुढे गुडघा टेकतात. घरोघरी भाकर मोडणाऱ्या पहिल्या विश्वासणाऱ्यांकडे (प्रेषितांची कृत्ये २:४६) बोट दाखवून ब्रदरन आणि अनेक पेंटेकॉस्टल म्हणतात की इमारत पवित्र नसते, जमलेले लोक पवित्र असतात. मलंकरा ऑर्थोडॉक्स पूर्वेकडे तोंड करून, चपला काढून उभे राहतात. यातलं कोणतंच मत दीड तासात बदलत नाही, म्हणून एवढा नियम पाळा: पाहुण्यांनी यजमानाच्या मांडणीला हात लावायचा नाही आणि यजमानाने पाहुण्यांकडून कोणतीही कृती अपेक्षायची नाही. मूर्तींवर पडदा टाकू नका, पण पाहुण्यांना गुडघा टेकायलाही सांगू नका. मूर्तींसमोर प्रार्थना करायला कोणाची तयारी नसेल तर शाळेचा हॉल घ्या. तिथे एक मेज, त्यावर उघडं बायबल आणि एक मेणबत्ती पुरे.

‘सीएनआय’ हे नाव ऐकून पद्धत गृहीत धरू नका. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून ही मंडळी झाली. मुंबई-पुण्यातल्या अँग्लिकन वळणाच्या चर्चमध्ये छापील क्रम आणि झगे चालतात, तर अमेरिकन मराठी मिशनचा वारसा असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागात पाळकाची उत्स्फूर्त प्रार्थना आणि भजन जास्त जवळचं वाटतं. त्यामुळे त्या त्या मंडळीलाच विचारा.

उपासना सत्तर मिनिटांत बसते. स्वागत आणि गीत दहा मिनिटं, पापकबुली पाच, जुन्या करारातलं वाचन आणि स्तोत्र आठ, शुभवर्तमान तीन, संदेश बारा, शांतता दोन, विश्वासांगीकार (श्रद्धेचं ठरलेलं विधान) तीन, मध्यस्थी बारा, प्रभूची प्रार्थना दोन, शांतीची देवाणघेवाण तीन, दान आणि गीत सात, आशीर्वचन दोन. पापकबुलीनंतर पापक्षमेची घोषणा कोणी करू नये. तो अधिकार कोणाचा, यावर एकमत नाही. तिथे स्तोत्र ५१ सगळ्यांनी मिळून वाचावं.

वाचनं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांना मान्य असलेल्या ६६ पुस्तकांतूनच निवडा. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत, ती जास्तीची सात टाळा. स्तोत्रांचे क्रमांक नुसते सांगू नका. जुन्या लॅटिन आणि ग्रीक क्रमात आपलं २३वं स्तोत्र २२वं असतं. पहिली ओळच छापा.

सगळ्यात जास्त अडखळ प्रभूच्या प्रार्थनेत होते, तीही दर वर्षी. कॅथलिक ‘वाइटापासून सोडव’ इथे थांबतात, कारण मिस्सेत पुढचं स्तुतिवचन धर्मगुरूच्या प्रार्थनेनंतर वेगळं येतं. प्रोटेस्टंट न थांबता ‘राज्य, पराक्रम व वैभव’ म्हणत पुढे जातात. निम्मी सभा गप्प, निम्मी चालू. उपाय सोपा आहे: एकच मजकूर पूर्ण छापा आणि सुरू करण्याआधी ‘शेवटपर्यंत म्हणूया’ असं पुढाकार घेणाऱ्याने सांगावं. विश्वासांगीकारातही शब्द वेगळे: प्रोटेस्टंट ‘सार्वत्रिक मंडळी’, कॅथलिक ‘कॅथलिक ख्रिस्तसभा’. दोघांचा मूळ शब्द एकच, अर्थही ‘सार्वत्रिक’ हाच, तेवढी एका ओळीची टीप पत्रकावर द्या. ऑर्थोडॉक्स बंधू असतील तर नायसीन अंगीकार घ्या आणि पवित्र आत्म्याबद्दलच्या ओळीतला ‘पुत्रापासून’ हा नंतर जोडलेला शब्द वगळा. ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल बहुधा छापील अंगीकार म्हणत नाहीत. त्यांनी आदराने उभं राहावं, इतकंच.

मध्यस्थीत पेंटेकॉस्टल मंडळी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. इतरांना तो गोंधळ वाटतो, तर त्यांना छापील प्रार्थना कोरड्या वाटतात. दोन्हींना जागा द्या: तीन लिखित विनंत्या, मग तीन मिनिटं मोकळी प्रार्थना, आणि ती कधी थांबणार याची खूण म्हणून वाद्यावर एक ठरलेली धून. ही खूण नसेल तर तीन मिनिटांची पंधरा होतात. मरीयेला वा संतांना उद्देशून विनंती नको, मृतांसाठी प्रार्थनाही नको.

बायकांनी वाचन करायचं का, हे आधीच विचारून घ्या. काही ब्रदरन मंडळ्या १ करिंथ १४:३४ धरून स्त्रियांना सभेत बोलू देत नाहीत. वाचन दुसऱ्या मंडळीतल्या बहिणीकडे दिलं की प्रश्न मिटतो, पण व्यासपीठावर येऊन कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

गीतं तीनच घ्या. नारायण वामन टिळकांच्या रचना प्रोटेस्टंटांना पाठ असतात. कॅथलिक गायकवृंदाला त्या येतात का ते पाहा आणि दोन एकत्र तालमी ठेवा. पत्रकं अपेक्षेपेक्षा पन्नास जास्त छापा.

आशीर्वाद कोणी द्यायचा, हा वाद सर्वांनी एकत्र ‘प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा...’ म्हटल्याने टळतो. पौलाचं हे वचन काही बायबलांत २ करिंथ १३:१४, काहींत १३:१३ आहे, म्हणून तेही पूर्ण छापा. दान कुठे जाणार हे सभेतच जाहीर करा. गावातल्या सगळ्यांच्या उपयोगाचं काम निवडा, म्हणजे कोणत्याही एका मंडळीच्या खात्यात ते जाणार नाही. नंतर चहाच्या वेळी पुढच्या वर्षीचा यजमान ठरवा आणि कुठे अडखळलं त्याचा कागद त्याच्याच हाती द्या.