चिलापी माजली असेल तर मरळ सोडा, पण आधी जाळे ओढा

पाऊस ओसरला आणि सांडव्यावरून पाणी जाणे थांबले, की जलाशयात मरळीसारखे शिकारी मासे सोडायला हरकत नाही. घाई करून आधी सोडलेली बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) पुराबरोबर खाली वाहून जाते.

चिलापीचा (तिलापिया माशाचा) त्रास तिच्या विणीतून सुरू होतो. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून बरीच जगतात. ही पिल्ले दोन-तीन महिन्यांतच स्वतः अंडी घालू लागतात. मग खाद्य पुरत नाही, चिलापी खुजी राहते आणि रोहू-कटल्याचीही वाढ खुंटते.

मरळ इथे कामाला येते, पण तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. ती भक्ष्य अख्खे गिळते. साधारण स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांशापर्यंतचा मासा तिच्या घशात उतरतो. म्हणजे पिल्ले ती संपवेल, पण अंडी घालणारी मोठी चिलापी तशीच राहील. ती तुम्हालाच काढायची आहे. म्हणून आधी काठाकाठाने ओढजाळ फिरवून मोठी चिलापी जितकी निघेल तितकी काढा आणि मगच मरळ सोडा. नुसती मरळ सोडून वर्षभर वाट पाहणाऱ्यांची निराशा होते, आणि दोष बिचाऱ्या माशाला लागतो.

हाच घशाचा हिशेब तुमच्या पिकाच्या माशांनाही लागू आहे. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली किमान १०० मिलिमीटरची असावी आणि मरळ त्या बोटुकलीपेक्षा लहान असतानाच सोडावी. कटला अंगाने रुंद असल्याने लवकर सुटतो. मृगळ सडपातळ, त्याला जास्त जपावे लागते.

मरळीची पिल्ले एकमेकांना खातात, तेव्हा एकाच मापाची निवडून घ्या. पिल्ले आणायच्या पिशवीत पाण्यावर मोकळी हवा हवीच, कारण मरळ वर येऊन श्वास घेते. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, आत थोडे थोडे जलाशयाचे पाणी घाला आणि सकाळी किंवा संध्याकाळी, गवताळ काठाने, वेगवेगळ्या ठिकाणी सोडा. सगळी एका जागी ओतू नका.

पहिल्या वर्षी कमीच सोडा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच जाळ्याने ओढून चिलापीची पिल्ले मोजा आणि वहीत लिहा. अधूनमधून एखादी मरळ चिरून पोटात काय आहे ते पाहा. चिलापीऐवजी रोहूची पिल्ले सापडू लागली, तर मरळ काढून विकायला सुरुवात करा.

परक्या प्रदेशातला शिकारी मासा मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च सोडला गेला. १९८०च्या दशकात तो भरमसाट वाढला आणि तिथल्या सिक्लिड माशांच्या शेकडो जाती नाहीशा होण्यात त्याचा मोठा वाटा होता. सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही. स्थानिक जातीसुद्धा सार्वजनिक जलाशयात परवानगीशिवाय सोडू नका.

जलाशयात पाणी आणणाऱ्या चरावर बारीक जाळी बसवा. ती नसेल तर पुढच्या पावसात वरच्या तळ्यातली चिलापी पुन्हा आत येईल.