ग्रेट मोराव्हियावर प्रबंध लिहायला घेणाऱ्यांसाठी

ग्रेट मोराव्हिया म्हणजे नवव्या शतकातलं मध्य युरोपातलं स्लाव्ह राज्य. मोयमीर, रास्तिस्लाव, स्वातोप्लुक हे त्याचे राज्यकर्ते, मग मग्यार (हंगेरियनांचे पूर्वज) आले आणि खेळ खलास. एवढं तुम्हाला येतच असणार. ८६३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक भाऊ बायझंटियमहून आले, हेही सगळे बरोबर लिहितात. घोडं पेंड खातं ते शेवटाला. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला, म्हणून तेच नीट सांगतो.

राज्य बुडाल्याचं साल म्हणून ९०७ सर्रास सापडतं. त्या जुलैत मग्यारांनी बव्हेरियाचं सैन्य कापून काढलं, सेनापती लुइटपोल्ड पडला. लढाई खरी, पण तिच्या नोंदींत मोराव्हियाच्या लोकांचं नावच नाही! फुल्डाच्या वार्षिक नोंदींत (पूर्व फ्रँक राज्याचा वर्षवार इतिहास) ९०१ ला त्यांनी बव्हेरियाशी तह केल्याचं येतं. पुढे ९०३ ते ९०६ च्या दरम्यानचा राफेलश्टेटनचा जकातीचा दस्त आहे. डॅन्यूबवरून मोराव्हियाच्या बाजाराला जायचं तर दर नावेमागे एक सॉलिडस (तेव्हाचं चलन) भरायचा, परतताना काही नाही. म्हणजे जकात घेणाऱ्यांच्या लेखी तरी तो बाजार अजून भरत होता. तेव्हा ९०७ ला ‘राज्य बुडालं’ असं ठोकून देऊ नका. ‘दहाव्या शतकाच्या पहिल्या दशकात’ लिहा, परीक्षक खाणार नाही.

दुसरी गंमत म्हणजे तीन काठ्यांची गोष्ट. मरताना स्वातोप्लुकाने तीन मुलांना काठ्यांची मोळी मोडायला सांगितली वगैरे. ही गोष्ट येते बायझंटाइन सम्राट सातव्या कॉन्स्टंटाइनच्या ग्रंथात, साधारण ९५० ची, तीही कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून लिहिलेली. आपल्याकडे उत्तरकालीन बखर जितक्या जपून वापरतात, तितक्याच जपून ती वापरा. फुल्डाच्या नोंदींत भाऊ दोनच, मोयमीर (दुसरा) आणि स्वातोप्लुक (दुसरा), आणि ८९८ ची त्यांची भांडणं खरी आहेत. त्याआधी ८९५ मध्येच बोहेमियाचे सरदार फुटून पूर्व फ्रँक राजा अर्नुल्फला जाऊन मिळाले होते. मग्यार येण्याआधीच घर आतून पोखरलं होतं.

प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारा: कुणी लिहिला, कशासाठी? पहिल्या मोयमीरने प्रिबिना या सरदाराला हाकलल्याची हकिगत साल्झबुर्गच्या पाद्र्यांनी ८७० च्या सुमारास लिहिली, ती पॅनोनिया या शेजारच्या प्रांतावरचा आपला हक्क शाबूत ठेवायला. त्याच वादात बव्हेरियाच्या बिशपांनी मेथोडियसला ८७३ पर्यंत डांबून ठेवलं होतं. हा प्रश्न विचारायला शिकवणारा मार्गदर्शक मिळाला तर त्याला सोडू नका. तयार नोट्स देणारा फार गोड वाटतो, पण तोंडी परीक्षेला तो शेजारी बसणार नसतो.

यूट्यूबवरचे सरकत्या सीमांचे नकाशे मात्र पाहूच नका. राज्याचा गाभा कुठे होता यावरच १९७१ मध्ये इतिहासकार इम्रे बोबा यांनी वाद उभा केला. त्यांनी तो पार दक्षिणेला नेला. बहुसंख्य अभ्यासकांना ते पटत नाही, कारण आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मिकुल्चित्सेच्या उत्खननात तटबंदी, चर्चचे पाये आणि तलवारींसह पुरलेली माणसं निघाली आहेत.

भाषांना घाबरू नका. वार्षिक नोंदींचं लॅटिन सोपं आहे, वाक्यं आखूड, आणि अडलंच तर इंग्रजी भाषांतर मिळतं. चेक भाषेच्या क्लासला पैसे भरण्याआधी कामापुरतं जर्मन करा. उत्खननावरचं बरंच लेखन त्यात वाचता येतं.