लालजी सिंगांवर शाळेत पाच मिनिटं बोलायचंय? असं करा

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, ठाण्यातल्या बहुतेक शाळांत पोरांना एखादा शास्त्रज्ञ देतात आणि पोरं जन्म-शिक्षण-पुरस्कार घोकून येतात. तसं नका करू प्लीज. लालजी सिंग मिळाले असतील तर सुरुवात सापापासून करा, सगळे ऐकतात!

जौनपूरजवळच्या कलवारी गावचा हा मुलगा, बनारसला सापांच्या गुणसूत्रांवर पीएचडी केली, मग एडिंबरा, आणि १९८७ला हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेत. पट्टेरी मण्यारच्या डीएनएवरून त्यांनी जो प्रोब (डीएनएतले ठरावीक तुकडे शोधून दाखवणारा डीएनएचा तुकडा) बनवला त्यानेच भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखणं, सुरू झालं. एवढं एका मिनिटात उरकायचं.

खरा वेळ चार्टला द्या. जांभळी नाक्यावरून पांढरा कार्डशीट आणि काळी टेप आणा, आई, मूल, वडील असे तीन उभे रकाने आखा, मूल मधोमध. आईवडिलांच्या रकान्यांत वेगवेगळ्या उंचीवर टेपच्या आडव्या पट्ट्या लावा, डीएनए फिंगरप्रिंटमध्ये अशाच पट्ट्या दिसतात, मग मुलाच्या रकान्यात काही आईच्या उंचीवर काही वडिलांच्या, तिसरीच उंची नको, कारण मुलाची प्रत्येक पट्टी दोघांपैकी एकाकडूनच येते. फूटपट्टी आडवी धरून कुठली पट्टी कुणाशी जुळते ते दाखवा, कोर्टात पितृत्व कसं ठरतं ते चौथीतल्या पोरालाही कळतं, मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

शेवटी पद्मश्री २००४, आणि बीएचयूचे (बनारस हिंदू विद्यापीठाचे) कुलगुरू असताना पगार फक्त १ रुपया घ्यायचे हे नक्की सांगा.