तांब्याच्या तुकड्याबरोबर आलेले पाणी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी मुंबईत अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला, तेव्हा शाळेतील ‘विशिष्ट उष्माधारकता’ म्हणजेच इथली ‘स्पेसिफिक हीट’, हे कळायला काही दिवस गेले. एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारा उष्मा, असा तिचा अर्थ. सूत्र मात्र पाठ होते: वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार म्हणजे उष्मा. नव्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगेन की सूत्रात किमती घालण्यापूर्वी उष्मा कोणी दिला आणि कोणी घेतला, याची पूर्ण नोंद वहीत करावी.

पहिल्या प्रयोगात आम्ही ५० ग्रॅमचा तांब्याचा तुकडा उकळत्या पाण्यात १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थर्माकोलच्या पेल्यातील २८ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सोडला. तापमान ३१.८ अंशांवर स्थिरावले. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८, म्हणून त्याने घेतलेला उष्मा १०० × ४.१८ × ३.८, म्हणजे सुमारे १,५९० ज्यूल; तो सगळा तांब्याने दिला असे धरून, ५० ग्रॅम आणि ६८.२ अंशांनी भागल्यावर तांब्याची विशिष्ट उष्माधारकता आली ०.४७ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. तांब्याची खरी किंमत ०.३८५ आहे, आमचे उत्तर लोखंडाच्या ०.४५ च्या जवळ गेले होते. आकडेमोड तीनदा तपासूनही चूक सापडेना, तेव्हा सरांनी एवढेच विचारले, “तुकडा बाहेर काढलात तेव्हा त्याला किती पाणी चिकटले होते?”

जेमतेम एक ग्रॅम असेल. पण ५० ग्रॅम तांबे एका अंशाने थंड होताना सुमारे १९ ज्यूल देते, तर एक ग्रॅम पाणी एकटेच ४.१८ ज्यूल देते, आणि ते आमच्या नोंदीत कुठेच नव्हते. पाण्याची उष्माधारकता किती मोठी आहे, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले. मे महिन्यात गिरगाव चौपाटीवर वाळूचे चटके बसत असताना पाण्यात पाय गार का पडतात, याचेही एक कारण हेच आहे. कोरड्या वाळूची विशिष्ट उष्माधारकता जेमतेम ०.८ असते, शिवाय समुद्रात उष्मा खोलवर पसरतो.

पुढच्या वेळी तुकडा कोरड्या परीक्षानळीत ठेवून ती नळी उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे धरली आणि तुकडा झटकन पेल्यात सोडला. उत्तर ०.३७ आले, उरलेली तूट बहुधा वाटेत हवेला आणि पेल्याला गेलेल्या उष्म्याची होती.

एककांबाबत एक सूचना. केल्विनमध्ये बदलण्यासाठी तापमानाच्या फरकात २७३ मिळवू नये, कारण एक अंश सेल्सिअसचा फरक आणि एक केल्विनचा फरक सारखाच असतो. तापमापी केवळ पूर्ण अंश दाखवत असेल, तर तीन अंशांच्या वाढीत अर्ध्या अंशाची चूक उत्तराचा सहावा भाग बिघडवते. अशा वेळी पाणी ५० ग्रॅमच घ्यावे, म्हणजे वाढ सहा अंशांच्या आसपास मिळते.